मस्कत ते सलाला, व्हाया सस्कॅचवान

सलालाला जायचं ठरलं ते शलाकामुळे, आणि मला जायचं नव्हतं तेही शलाकामुळेच. शलाका म्हणजे मस्कतच्या अल खौद भागातली माझी खालच्या मजल्यावरची मैत्रीण. माझ्या स्वयंपाकघरात हिंगाची डबी कुठे असते हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, तिला आहे. तिचा नवरा विवेक मे महिन्यातच कॅनडाला पुढे गेला होता, सस्कॅचवान नावाच्या प्रांतात, रिजायना नावाच्या शहरात. ऑगस्टअखेर ती आणि तिची चौदा वर्षांची मुलगी सानिका जाणार होत्या. सोफा विकला, गाडी विकली, झाडं वाटून टाकली, आणि एक दिवस ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "इतकी वर्षं ओमानात काढली आणि एकदाही खरीफ बघितला नाही. तुमच्या गाडीतून नेता का आम्हाला?"

खरीफ म्हणजे सलालाचा पावसाळा. जुलै-ऑगस्टात अख्खं आखात भट्टीसारखं तापलेलं असताना दक्षिणेतल्या त्या एका कोपऱ्यात भुरभुर पाऊस पडतो, डोंगर हिरवे होतात आणि दुबई-रियाधपासूनची माणसं सतरंज्या घेऊन तिथे धावतात. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. प्रमोद, म्हणजे माझा नवरा, तर लगेच "यल्ला, चला" म्हणून मोकळा झाला.

कुठे राहायचं, रस्ता कसा आहे, खर्च किती, हे सगळं पुढे येईलच. पण आधी खरं ते सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. मी जळत होते. काही वर्षांपूर्वी आमच्याच डायनिंग टेबलावर दोन्ही कुटुंबांनी मिळून कॅनडाच्या इमिग्रेशनचे पॉइंट मोजले होते. प्रमोदचं वय आडवं आलं, आमचं बारगळलं. त्यांचं रखडत रखडत या वर्षी झालं. आणि ज्या आठवड्यात त्यांचा व्हिसा आला, त्याच आठवड्यात प्रमोदच्या कंपनीने त्याला बोलावून चहा पाजला आणि सांगितलं की ऑक्टोबरपर्यंतच. पुढे त्याच्या जागेवर कोणी नको होतं.

हे आम्ही कोणालाही सांगितलं नव्हतं. मी प्रमोदला शपथच घातली होती. शलाका निघाली सस्कॅचवानला आणि मी निघाले देवरुखला, या दोन बातम्या एकाच जिन्यात एकाच महिन्यात फिरायला मला नको होत्या. तिने माझी कीव केलेली मला चालली नसती. ती गेल्यावर मग काय ते जगाला सांगू, तोवर मी मस्कतची, पक्की, कुठेही न हलणारी. एवढं एकच मला या सहलीत सांभाळायचं होतं.

पहाटे निघालो. रस्ता नवख्यांसाठी सांगते: निझवा, अदम, हैमा, थुमरेत, सलाला. साधारण हजार किलोमीटर. एका दिवसात जाणारे जातात, पण चालवणारा एकच असेल आणि तो पन्नाशीचा असेल तर हैम्याला मुक्काम करा. अदमच्या पुढे टाकी अर्धी झाली की जो पंप दिसेल तिथे भरा, पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही. बराच रस्ता आता चौपदरी झालाय, पण जिथे नाही तिथे समोरून ट्रक येतात. उंट कधीही आडवे येतात आणि आल्यावर घाई करत नाहीत. सोबत पाणी, खजूर आणि काहीतरी कोरडं खाणं ठेवा. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. शलाकाने तिच्या फ्रीजमधलं संपवायचं म्हणून उरलेलं सगळं पनीर भरून आणलं होतं, ते आम्ही दोन दिवस खाल्लं.

अदम सुटलं की काहीच नाही. खरोखर काहीच नाही. डावीकडे सपाट, उजवीकडे सपाट, मध्ये डांबर. मी आतून खूश होते, कारण आता दोन-तीन तास ही बाई कशाचं कौतुक करणार? तेवढ्यात ती काचेबाहेर बघत म्हणाली, "सस्कॅचवान असंच आहे म्हणे. एवढंच सपाट. फक्त याच्या जागी गहू."

आणि मग सुरू झालं. सानिकाला तिकडच्या शाळेत नववीत अगदीच कोरी जायला नको म्हणून शलाकाने तिला त्या प्रांताचा इतिहास वाचायला लावला होता, आणि ती मागच्या सीटवरून फोनवर वाचून तो आम्हाला सांगत होती. सानिकाचं मराठी इंडियन स्कूलच्या पोरांचं असतं तसं, तीन पावलं चालून इंग्रजीवर बसणारं.

"मावशी, त्यांना ना, लँड मिळायची. ऑलमोस्ट फ्री. टेन डॉलर्स फी भरायची आणि एकशे साठ एकर."

"किती?"

"वन सिक्स्टी. पण थ्री इयर्स तिथे राहायचं, घर बांधायचं आणि जमीन नांगर... नांगरायची. मग ती तुमची. फॉरएव्हर."

एकशे साठ एकर. देवरुखला सासऱ्यांच्या वाट्याला आलेल्या बारा गुंठ्यांसाठी तीन चुलत दीर एकमेकांशी बोलत नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या, कधी न पाहिलेल्या युक्रेनच्या आणि इंग्लंडच्या शेतकऱ्यांवर मी त्या क्षणी अदम-हैमा रस्त्यावर मनापासून जळले. तीन वर्षं राहिलं की तुमची म्हणे. आम्ही इथे त्याच्या कितीतरी पट राहिलो, आमच्याकडे राहण्याच्या परवान्याचं, दर दोन वर्षांनी नवं होणारं एक प्लास्टिकचं कार्ड आहे.

"सोपं नव्हतं हं," शलाका म्हणाली. तिला माझा चेहरा आरशात दिसला असावा. "लाकूडच नव्हतं तिकडे. गवताची मुळं धरलेल्या मातीच्या लाद्या कापायचे आणि त्या एकावर एक रचून घर. पावसात छप्पर गळायचं ते चिखलासकट. आणि जळणाला काय, तर शेण. गव्याचं वाळलेलं शेण."

"गोवऱ्या," प्रमोद म्हणाला. त्याला एकदम आपलंसं वाटलं.

"हो, आणि एक कुठलासा रशियन पंथ होता. पुरुष रेल्वेच्या कामावर गेलेले, बैल नाहीत, तर बायकांनी स्वतःला नांगराला जुंपून जमीन नांगरली."

"आणि जमीन कोणाच्या नावावर झाली?" मी विचारलं.

सानिकाने खाली-वर करून वाचलं. "मेन्स. विडो असेल तरच लेडीला मिळायची, असं आहे."

हे ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची लाजही वाटली. पण लाज कमी आणि बरं जास्त.

हैमा आलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. गाव म्हणजे पंप, मशीद, टायरची दुकानं आणि प्रवाशांसाठीची साधी हॉटेलं. खरीफात खोली आधी सांगून ठेवा. एसी मोठ्याने चालतो, पाणी खारट, पण चादरी स्वच्छ होत्या. जेवायला मल्याळी हॉटेलात परोटा आणि डाळ, चौघांचे मिळून चार रियालसुद्धा झाले नाहीत. जेवताना मी मुद्दाम विचारलं, "एवढी सगळी जमीन वाटत सुटले ते, पण ती आधी होती कोणाची?"

सानिकाने परोटा खाली ठेवला. या प्रश्नाचं उत्तर तिला फोनशिवाय येत होतं. तिथे क्री आणि इतर बरेच मूळचे लोक होते. गव्यांच्या कळपांवर त्यांचं सगळं चालायचं, खाणं, कपडे, तंबू. ते गवे काही वर्षांतच मारून संपवले गेले. मग उपासमार झाली, करार झाले आणि त्यांना राखीव जागांत हलवलं. रिजायनाचं आधीचं नावच मुळी 'हाडांचा ढीग' अशा अर्थाचं होतं, गव्यांच्या हाडांचा. नव्याने आलेले शेतकरी पहिल्या वर्षी पीक येईपर्यंत ती हाडं गोळा करून रेल्वे स्टेशनवर विकायचे, खताला. पुढे कुठल्याशा राणीच्या मानाने शहराचं रिजायना झालं.

"अँड मावशी, त्या लोकांना स्वतःच्या जागेतून बाहेर जायला पास लागायचा. ऑफिसरने साइन केलेला."

"एनओसी," प्रमोद म्हणाला आणि डाळीत परोटा बुडवत राहिला. मालकाच्या सहीच्या ना-हरकत पत्राशिवाय जिथे नोकरीही बदलता यायची नाही, त्या आखातात जुना झालेला माणूस हा शब्द कसा उच्चारतो ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

म्हणजे ती एकशे साठ एकरं कुणाच्या तरी ताटातली होती. हे कळल्यावर माझी जळजळ कमी व्हायला हवी होती. नाही झाली. माणूस जळायला लागला की इतिहास फार खोलात जाऊन वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी थुमरेतपर्यंत तसंच वाळवंट. आणि मग तो प्रसिद्ध उतार. त्याच्याबद्दल सगळे लिहितात, मीही लिहिते, कारण तो तसा आहेच. डोंगराच्या कडेला गाडी येते, आणि एका वळणाच्या आत धुकं, गारवा आणि हिरवं गवत. एसी बंद करून काचा खाली केल्या. हेडलाइट आणि धोक्याचे दिवे लावा, घाई करू नका, इथे समोरची गाडी दिसत नाही. शलाकाने हात बाहेर काढला आणि तळहातावरची ओल सानिकाच्या गालाला लावली. ती साताऱ्याच्या दुष्काळी भागातली, तिला एवढं पुरलं.

मी देवरुखची. आमच्याकडे श्रावणात कपाटातल्या साड्यांना याहून जास्त पाणी सुटतं. रस्त्याच्या कडेला शेकडो गाड्या थांबलेल्या, लोक गवतावर सतरंज्या टाकून त्या भुरभुरीत चहा पीत बसलेले, मुलं वेड्यासारखी धावत होती. मला त्यांचाही हेवा वाटला. एवढ्याशा पावसाने एवढं सुख व्हायचं तर आधी किती वर्षं कोरडं काढावं लागत असेल, आणि मीही तितकीच वर्षं कोरडी काढूनसुद्धा मला ते का होत नव्हतं?

सलालात दोन खोल्यांचं फर्निश्ड अपार्टमेंट घेतलं. खरीफात भाव दुप्पट होतात, चाळीस-पन्नास रियाल रोजचे धरा आणि महिनाभर आधी बुक करा. समुद्राकडच्या रस्त्यावर नारळाच्या आणि केळीच्या बागा आहेत, त्यांना लागून शहाळी-पपयांच्या टपऱ्यांची रांग. हे सलालाचं आमच्यावर सर्वात मोठं आक्रमण. माड, केळी, पपई, दमट वारा, सगळं कोकणातलं, आणि वर रस्ते गुळगुळीत. शहाळं पीत पीत मी त्या रस्त्यावरही जळून घेतलं.

तिथेच मागच्या गल्लीत एक लहानसं चहाचं हॉटेल आहे. मालक श्रीवर्धनकडचे, साठीचे, आम्ही त्यांना चाचा म्हटलं. आमचं बोलणं ऐकून स्वतःच आले आणि सुरमईचं कालवण खाल्ल्याशिवाय उठू देईनात. वडीलही इथेच होते, मुलं इथेच जन्मली. शलाका कॅनडाला चालली हे कळल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.

"कॅनडा कुठं, दर्याकडं?"

"नाही चाचा, मधोमध. समुद्र लांब आहे."

"मग तिकडं म्हावरं भेटतं काय?"

"फ्रोझन मिळेल."

चाचांनी तिच्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. कुणी गेल्याचं कळल्यावर बघतात तसं. "घे पोरी, अजून घे," म्हणून त्यांनी तिच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी हायत ना मस्कतला? तुमाला काय, म्हावरंच म्हावरं."

"हो," मी म्हणाले. "आम्ही कुठे जातोय." प्रमोद काटे काढत होता, त्याने मान वर केली नाही.

सस्कॅचवानला मासे नाहीत या आनंदात मी ती संध्याकाळ काढली. अपार्टमेंटवर परतताना शलाका गप्प होती, ते मी लक्षात घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वादी दरबात. धबधबे पाहायचे असतील तर लवकर जा, नऊनंतर गाडी ठेवायला जागा नसते. खाली तळ्याकाठी उंट पाण्यात उभे होते, गाई चरत होत्या, एक ओमानी कुटुंब मिश्काक भाजत होतं. मिश्काक म्हणजे सळईवरचं मांस. आम्ही बघतोय म्हणून त्यांनी दोन सळया पाठवून दिल्या, पैसे विचारायचीही सोय ठेवली नाही. तिथून जवळच समुद्रकिनाऱ्यावर सुमहुराम आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदराचे अवशेष. इथून लोबान, म्हणजे धुपाचा डिंक, जहाजांनी जायचा, अगदी हिंदुस्थानकडेही. तिकीट किरकोळ आहे. सावली नाही, पण खरीफात ती लागत नाही.

दगडी भिंती कमरेएवढ्या उरल्यात. दारापाशी जुन्या लिपीतला शिलालेख आहे आणि बाजूला माहितीचा फलक: पश्चिमेच्या हद्रमौतच्या राजाने आपली माणसं इथे पाठवली, त्यांनी हे गाव वसवलं. सानिका खूश झाली. "सेम लाइक सस्कॅचवान. हे पण सेटलर्स. ही त्यांची सेटलमेंट." ती भिंतीवरून पलीकडच्या ओस खोल्यांकडे बघत होती. मग तिने सहज विचारलं, "पण काका, सेटलमेंट झाल्यावर ही माणसं गेली कुठे?"

प्रमोद दगडावर बसून बुटातली वाळू झटकत होता. वर न बघता म्हणाला, "घरी. आणखी कुठे जाणार?"

"नो काका. सेटलमेंट म्हणजे लोक येतात आणि राहतात."

"नाही गं बाळा. सेटलमेंट झाली म्हणजे हिशेब मिटला. व्हिसा कॅन्सल, तिकीट हातात, खलास. सेटलमेंटनंतर अर्बाब, आपला मालक, एक दिवस ठेवून घेत नाही. आमची ऑक्टोबरात आहे ना, मग आम्ही काय थांब—"

आणि तो थांबला. बूट हातातच राहिला.

ज्यांनी आखातात नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, त्याची काही चूक नव्हती. आपल्या गावाकडे मुलगा सेटल झाला म्हणजे नोकरी, लग्न, फ्लॅट. कॅनडाच्या इतिहासात सेटलमेंट म्हणजे आले आणि राहिले. शलाकाला तर रिजायनातून एका सेटलमेंटवाल्या बाईंचे फोन यायचे, नव्या लोकांना शाळा, दवाखाना, बस शिकवणाऱ्या सरकारी मदतीच्या बाई. पण आखातात सेटलमेंट म्हणजे फायनल सेटलमेंट. नोकरी संपल्यावर मिळणारा शेवटचा हिशेब. इथे सेटलमेंट झालेला माणूस म्हणजे गेलेला माणूस. प्रमोदच्या कानाला इतक्या वर्षांत त्या शब्दाचा दुसरा अर्थ उरलेलाच नाही.

शलाका शिलालेखाजवळ उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "ऑक्टोबरात?"

मी खाडीकडे बघत म्हणाले, "चला, ऊन येईल." ढगांमुळे ऊन येण्याची काही शक्यता नव्हती.

परतीच्या वाटेवर सानिकाने कानात काहीतरी घातलं. प्रमोद जरुरीपेक्षा जास्त लक्ष देऊन गाडी चालवत होता. मी मनातल्या मनात त्याला जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांभाळायचं होतं आणि तेवढंच सांडलं होतं.

चौथा दिवस मुग्सेलसाठी ठेवला होता. शहराच्या पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर. कातळाला भोकं आहेत, भरतीची लाट खालून घुसली की त्यांतून पाणी माणसाच्या दुप्पट उंच उडतं. कठड्याच्या आत राहा, खरीफात समुद्र खवळलेला असतो आणि कातळ शेवाळलेला. प्रमोद आणि सानिका भिजायला पुढे गेले. शलाका माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तुमचा व्हिसा आला त्याच आठवड्यात."

"म्हणजे माझ्याकडे येऊन बर्फी खाल्लीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि दोन तुकडे खाल्लेस."

"न खाऊन कसं चाललं असतं?"

ती हसली नाही. "मी काय केलं असतं असं वाटलं तुला? पेपरात दिलं असतं?"

"कीव केली असतीस," मी म्हणाले. "मला तुझी कीव नको होती. मी जळत होते तुझ्यावर. अजून जळतेय. तुझ्या बर्फावर जळते, तुझ्या त्या सेटलमेंटवाल्या बाईवर जळते. तिकडच्या मेलेल्या शेतकऱ्यांवरसुद्धा जळून झालं माझं. तुला सगळं नवं मिळणार आणि मी जिथून निघाले होते तिथेच परत. आता कर कीव."

समोर पाणी उसळलं, लोक ओरडले, आमच्यावरही खारट शिंतोडे आले. शलाकाने चष्मा काढून ओढणीने पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"विवेक गोदामात खोकी उचलतोय," ती म्हणाली. "इंजिनिअरचं काम मिळालं म्हणून मी सगळ्यांना सांगितलंय ना, ते खोटं आहे. तुलाही खोटंच सांगितलं. पाठ धरते त्याची. एका बेसमेंटात राहतो. व्हिडिओ कॉलला नेहमी एकाच भिंतीपुढे बसतो, कारण बाकीच्या भिंती दाखवण्यासारख्या नाहीत."

मला गोदामाचं ऐकून बरं वाटायला हवं होतं, गेले तीन दिवस वाटत होतं त्या हिशेबाने. ते आलं नाही.

"माझी आई रोज फोनवर रडते," ती पुढे म्हणाली. "सासूबाई म्हणतात इतक्या थंडीत माणसं राहतात का. ऑफिसातले म्हणतात या वयात हिंमत केलीत, म्हणजे वेडेपणा केलात. परवा चाचांनी ताटात मासा वाढला तो मयताला आल्यासारखा. सगळे माझी कीव करतात गं. एकालाही हेवा वाटत नाही. झोप येत नाही मला. एवढं सगळं विकून, सानिकाला उपटून, मी कुठे चाललेय? आणि तू इथे बसून म्हणतेस की जळतेस."

"म्हणते. खरंच आहे ते."

"मग जळ ना," ती म्हणाली. "चांगली जळ. थांबू नकोस. तू जळतेस म्हणजे तिकडे काहीतरी असेल जळण्यासारखं."

मी तिचा हात धरला. खारट, चिकट हात. सानिका नखशिखांत भिजून परत आली आणि म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?" शलाका म्हणाली, "काही नाही, मावशी माझ्यावर जळतेय." सानिकाने "ओके" म्हणून टॉवेल मागितला.

परतीचा रस्ता तोच, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. एका दमात आलो, हैम्याला फक्त चहा. चौघांचा पाच-सहा दिवसांचा खर्च, राहणं, पेट्रोल, जेवण धरून, मस्कतच्या एका महिन्याच्या भाड्याच्या आत बसला. सलालाहून लोबान आणायचा असेल तर पांढरट-हिरवट खडे घ्या, पिवळे स्वस्त पण साधे. केळीचे वेफर्स कोकणातल्यासारखे नाहीत, तरी आणा.

आल्यावर मी जिन्यातल्या सगळ्यांना ऑक्टोबरचं सांगून टाकलं. दोन दिवस लोकांनी हळू आवाजात बोलून घेतलं, तिसऱ्या दिवशी आमचं वॉशिंग मशीन कितीला देणार हे विचारायला आले. ऑगस्टअखेर शलाका आणि सानिकाला विमानतळावर सोडलं. सानिकाने वाकून नमस्कार केला, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच, आणि कुठला पाय आधी यात गोंधळली. शलाका आत जाताना मागे वळली नाही.

सलालाने काय दिलं असं कोणी विचारलं तर मला हिरवे डोंगर आधी आठवत नाहीत. आठवतात त्या कमरेएवढ्या भिंती. त्या लोकांना राजाने राहायला पाठवलं होतं, आणि त्यांनी आपलं नाव दगडात कोरून ठेवलं होतं, आणि तरी ते गेले. सस्कॅचवानची ती चिखलाची घरंही म्हणे आता मातीत मिळालीत. एकशे साठ एकरांचं मला अजून वाईट वाटतं, ते वाटत राहणार. माझ्या बारा गुंठ्यांत ऑक्टोबरनंतर काय लावता येईल याचा विचार मी सुरू केलाय. दीरांशी बोलावं लागेल.

काल शलाकाचा पहिला फोटो आला. बेसमेंटमधली खोली. जमिनीवर तीन गाद्या, एक बॅग अजून बंद, छताजवळ एवढीशी खिडकी आणि तिच्यातून गवताची फक्त मुळं दिसत होती. मधोमध शलाका, हातात वाफाळता कप, चेहऱ्यावर फोटोपुरतं हसू. मी तो फोटो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात बघितला. खूप शोधलं. पोटात कुठेच काही जळलं नाही. नुसतं तिथे जाऊन तिची ती बॅग उघडून द्यावीशी वाटली.

मी लिहिलं, "जळले गं."

लगेच उत्तर आलं. "नक्की?"

"नक्की," मी लिहिलं. "खिडकीवर तर फारच."